पाचवा मुद्दा

४ जानेवारी

चि. शाई,

पाकीट उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. अक्षर ओळखून तसंच फाडून टाकलं असतंस तरी मी काय म्हणणार होते? नऊ वर्षांत मी तरी कुठे एक ओळ लिहिली?

पत्ता तुझ्या त्या उंच मैत्रिणीने दिला. हॉस्पिटलच्या रांगेत भेटली. तू औषधांच्या दुकानात काम करतेस, केस कापलेस आणि अजूनही चहात साखर घेत नाहीस, एवढं तिच्याकडून कळलं. मला तेवढं महिनाभर पुरलं.

कागद बघून हसू नकोस. बाबा छापखान्यातून निवृत्त झाले तेव्हा जुन्या प्रुफांचे दोन गठ्ठे घेऊन आले होते. एक बाजू कोरी आहे, ती वाया का घालवायची? उलटून बघितलंस तर त्यांच्या लाल खुणा दिसतील. काकपद तुला आठवत असेल, कावळ्याच्या पायासारखी ती खूण. जिथे शब्द किंवा ओळ गळली असेल तिथे ते करायचे. तुझ्या निबंधांच्या वह्यांवरही करायचे. "बाईंनी नऊ मार्क दिले तरी बाबा कावळा बसवतातच," म्हणून तू रुसायचीस.

आता त्या खुणा त्यांना दिसत नाहीत. साखरेने डोळे नेले. उजेड-अंधार कळतो, माणसाचा आकार कळतो, अक्षर कळत नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला आता मी वर्तमानपत्र वाचून दाखवते, सकाळी पोथी वाचून दाखवते. डोळे गेल्यापासून कान फार तीक्ष्ण झालेत. परवा पोथीतली एक ओवी माझ्या हातून सुटली तर म्हणाले, "देवाला घाई नाही, तुलाच आहे."

पण डोळ्यांचं काही नाही. पाय. शाई, त्यांच्या पायांत विस्तव आहे. वरून बघितलं तर काही नाही, जखम नाही, सूज नाही. नसा खराब झाल्यात म्हणतात. चादरीचा स्पर्श झाला तरी ओरडतात. आधीच्या गोळ्यांनी नुसती गरगर यायची, दोनदा न्हाणीघरात पडले. दर दहा मिनिटांनी हाक येते, "कुठे आहेस?" मी म्हणते, "इथेच." स्वयंपाकघरातून इथेच, देवापाशी बसले तरी इथेच. दोन वर्षांत हॉस्पिटल सोडून मी कुठेही गेलेले नाही. फोन त्यांच्या खुर्चीच्या हाताशी आहे, म्हणून लिहिते आहे. या घरात आवाज न करता करण्यासारखं एवढं एकच काम उरलंय.

तुला औषधांतलं कळतं, म्हणून एक विचारते. माणसाला नीट न सांगता औषध दिलं, तर ते लागू पडतं का? सहजच विचारलं.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही विचारू नकोस.

उत्तर द्यावंसं वाटलं तर वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पत्त्यावर दे. त्या पाकीट उघडायच्या नाहीत, फार तर उजेडात धरून बघतील.

तुझी आई


१९ जानेवारी

चि. शाई,

उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण मागच्या पत्रात "सहजच" असं लिहिलं ते खोटं होतं.

हॉस्पिटलात एक अभ्यास चालू आहे. नसांच्या दुखण्यावर जिभेखाली घ्यायचे थेंब. शंभर रोगी घेतलेत. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं तेल, आणि कुणाला काय मिळतंय ते रोग्यालाही माहीत नाही, देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. बाटलीवर फक्त आकडा. आपली सत्तेचाळीस. दोन्ही बाटल्यांना पुदिन्याचा वास घातलाय, म्हणजे वासावरूनही ओळखायला नको. मला आधी हे फसवणुकीसारखंच वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "काकू, आपल्या मनाला जे हवं असतं ते आपण बघतो, म्हणून डोळे बांधून घ्यायचे." यांचे तर आधीच बांधलेले आहेत.

मला एक वही दिली आहे. सकाळ, दुपार, झोपताना. शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे याहून जास्त असू शकतं अशी कल्पनाही करवत नाही. झोप किती तास, तोंडाला कोरड पडली का, चक्कर आली का. घरखर्चाची वही मी इतकी वर्षं लिहिते हे यांनीच कौतुकाने सांगितलं होतं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग तुमच्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन." ते वाक्य मला रात्रंदिवस टोचतं.

कारण कागद मी वाचला आहे. नऊ पानांचा, आपल्याच भाषेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "झाडाचा अर्क आहे, सगळं कागदात दिलंय, घरी नेऊन सावकाश वाचा, नको वाटलं तर नाही म्हणा." घरी आल्यावर यांनी पाय पाण्याच्या बादलीत सोडले आणि म्हणाले, "वाच." मी वाचायला लागले. मुद्दा एक, अभ्यास कशासाठी. दोन, किती दिवस. तीन, काय काय तपासणार. चार, औषध कसं घ्यायचं. आणि माझी नजर पुढे गेली.

मुद्दा पाच: या अभ्यासातील औषध गांजाच्या झाडापासून काढलेला अर्क आहे.

शाई, तो मी वाचला नाही. मी सहावा वाचला. सहापासून पुढचं सगळं, एक अक्षर न गाळता. यांनी शेवटी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." म्हणाले, "बरं. करू सही."

सहीच्या दिवशी त्यांच्या अंगठ्याच्या खाली एक ओळ छापलेली होती. "वरील पत्रक मी रुग्णास संपूर्ण वाचून दाखवले आहे." तिथे माझी सही आहे. मॅट्रिकच्या दाखल्यावर केली तशीच, वळणदार.

तूच सांग, मी काय करायचं होतं? ज्या माणसाने या एका शब्दासाठी पोटची पोर घराबाहेर काढली, त्याला मी तोच शब्द वाचून दाखवायचा? ते उठून चालते झाले असते. चालता येत नसतानाही. आणि आगीत मी राहिले असते. आग त्यांच्या पायांत आहे, पण घर एकच आहे ना.

देवापुढे बसते आणि मागायचं काय ते कळत नाही. बाटलीत खरं औषध असू दे असं मागावं तर नशा मागितल्यासारखं होतं. नुसतं तेल असू दे असं मागावं तर त्यांचं दुखणं मागितल्यासारखं होतं. म्हणून हल्ली नुसते हात जोडते.

तुझी आई


१० फेब्रुवारी

चि. शाई,

साडेआठ होतं. आता साडेचार आहे. कधीकधी चार.

काल ते स्वतःहून गॅलरीपर्यंत गेले, भिंतीला धरून. खालून जाणाऱ्या भंगारवाल्याला म्हणाले, "आहे रे मी अजून, इतक्यात न्यायला येऊ नकोस." तो हसला. मी आत डाळ निवडत होते. हात थांबले. या घरात कुणी विनोद केला त्याला किती वर्षं झाली असतील?

काकू वरून आल्या तर त्यांना ऐकवतात, "साधं झाडपाल्याचं औषध हो, आपल्या ऋषिमुनींना सगळं माहीत होतं." काकू विचारतात, "कुठला झाडपाला?" हे म्हणतात, "ते डॉक्टरांना ठाऊक. आपण थेंब मोजायचे." मी मध्येच दुधाचं भांडं खाली ठेवते, जरा जोरात.

थेंब मीच घालते. सकाळी आठला सहा, झोपताना सहा. तोंड उघडून बसतात, चिमणीच्या पिल्लासारखे. मी जिभेखाली मोजून सोडते आणि दर वेळी बाटली नाकाशी नेते. पुदिना. मी त्याच्याखालचा वास शोधते. तो मला माहीत आहे. ओलं गवत जळल्यासारखा, आणि त्याच्यामागून गोडसर. नऊ वर्षं झाली तरी मागच्या खोलीच्या कपाटातून मला तो येतो. दोनदा आतले कागद बदलले, डांबराच्या गोळ्या घातल्या.

आजीची खोली म्हणते मी. आता तिथे जुनी प्रुफं आहेत.

तू तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. आजीच्या हाडांत तो रोग शिरलेला, मोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले. तू पुस्तक घेऊन माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "आई, परदेशात हे देतात. चोरून नाही, दवाखान्यात देतात." मी म्हटलं होतं, "देवाच्या घरात असलं काही नको." मग आजी ओरडली. मग मीच दूध तापवलं.

पुढचं लिहिणार नव्हते. इथेच थांबते. हाक आली.

तुझी आई

ता. क. रिकाम्या बाटल्याही परत द्याव्या लागतात. त्या वजन करून घेतात. मी शेवटचा थेंब निघावा म्हणून उलटी करून ठेवली होती, तर सिस्टर म्हणाल्या, "काकू, तेवढी काटकसर इथे चालत नाही हं." सगळ्या खोलीसमोर.


२६ फेब्रुवारी

शाई,

तुझं पत्र मिळालं. काकूंनी वरूनच ओरडून सांगितलं, "अहो, तुमचं ते शिवणाचं माप आलंय!" एवढ्या हुशार असतील असं वाटलं नव्हतं.

दुकानाच्या बिलाच्या मागे चार ओळी. माझीच मुलगी. पाठ झाल्या आहेत.

"औषध मध्येच बंद करू नकोस. कागदावर खोटी सही केलीस ते डॉक्टरांना सांग. आजीचं बाबांना सांग. ते सांगेपर्यंत मला पत्र लिहू नकोस."

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. शेवटचं समज. तुला तोंडाने सांगायला जमलं नाही ते कागदावर सांगून बघते. इथे जमलं तर कदाचित तिथे जमेल.

दूध मी तापवलं. तू सांगितलंस तसं, तुझ्या पुडीतलं पान तुपात परतून, दुधात गाळून. पहिल्या रात्री आजी सहा तास झोपली. दुसऱ्या रात्री सात. सकाळी मला म्हणाली, "सूनबाई, आज मला माझे पाय आठवत नाहीत." केवढी हसली. दात नसलेलं तोंड. तू आणि मी दोघी एकमेकींकडे बघत होतो, चोरी करून पास झालेल्या मुलींसारख्या.

तिसऱ्या दिवशी यांना तुझ्या पिशवीत पुडी सापडली. पेन शोधत होते. पुढच्या खोलीत तू उभी, ते उभे, आणि मी दारात, हातात आजीचं दूध. त्यांनी तुला काय काय म्हटलं ते तू विसरली नसशील. "माझी मुलगी गंजेटी." तू एकदाही म्हणाली नाहीस की हे आजीसाठी आहे. तू माझ्याकडे बघितलंस. सांगायचं ते मी सांगेन असं तुला वाटलं. मग त्यांनीही माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांना दिसत होतं. विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

हातातलं दूध गरम होतं. बोटं भाजत होती. तरी ते मी खाली ठेवलं नाही.

का म्हटलं, ते मी नऊ वर्षं देवाला सांगते आहे. मला दुसरं घर नव्हतं. माहेर उठलेलं. तुझ्याबरोबर मलाही दाराबाहेर उभं केलं असतं तर आजीचं कोणी केलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. आजीचं मी काय केलं? तू गेल्यानंतर ती अकरा दिवस जगली आणि अकरा दिवस ओरडली. मला म्हणायची, "सूनबाई, ते दूध दे ना." मी साधं दूध द्यायची. ती प्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. तिला वाटायचं, तिचंच काहीतरी चुकलंय.

आणि हे शेजारच्या खोलीत कानांवर उशी घेऊन बसायचे. त्यांना आजवर माहीत नाही की त्यांच्या आईला झोप लागू शकत होती.

आता तू म्हणतेस, सांग. सांगितलं, तर पहिला प्रश्न येईल, "मग मला काय देते आहेस?" पाचवा मुद्दा आणि आजीचं दूध एकाच दोऱ्यात ओवलेलं आहे. एक ओढलं की दुसरं येणार. थेंब बंद होतील आणि पुन्हा साडेआठ. सांगितलं नाही, तर तू बंद. मी कुठल्या बाजूने बाहेर पडू?

आई


२३ मार्च

शाई,

हे पोस्टात टाकेन की नाही, ठाऊक नाही. तू मनाई केली आहेस.

एकतीस तारखेला बारा आठवडे पूर्ण होतात. ज्यांना गुण आलाय त्यांना पुढे सहा महिने खरं औषध देणार आहेत, तेल नाही. त्यासाठी नवा कागद. आणि आता नियम बदललाय. ज्याला वाचता येत नाही त्याला घरच्यांनी वाचून दाखवायचं नाही. हॉस्पिटलच्या समाजसेविका बाई वाचणार, डॉक्टरीणबाईंच्या समोर.

मी यांना म्हटलं, "पुरे झालं आता. उतरलंय ना, कशाला उगीच औषधाची सवय?"

ते म्हणाले, "साडेआठाचे चार झालेत. तुला काय, पाय माझे आहेत."

मी म्हटलं, "देवाच्या कृपेने झाले असतील."

म्हणाले, "मग देवाला सांग, बाटली भरून पाठव."

आठ दिवस राहिले. मी डबे पुसते आहे. पुसलेलेच पुन्हा.


११ एप्रिल

चि. शाई,

हे पत्र तू वाच. आता मला लिहिण्याचा हक्क आहे.

एकतीस तारखेला रिक्षातून गेलो. रस्ताभर मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते आणि मध्येच ठरवत होते, आता सांगू, या चौकात सांगू, तो पूल गेला की सांगू. खोलीत चार खुर्च्या. समाजसेविका बाई तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी कागद उघडला, घसा साफ केला.

हे म्हणाले, "बाई, पाचव्यापासून वाचा."

त्या गोंधळल्या. "काका, पहिल्यापासून वाचावं लागतं."

"पहिले चार मला पाठ आहेत. सहापासून नवव्या पानापर्यंतही येतात. मधला एक राहिलाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी वाचलं, "मुद्दा पाच. या अभ्यासातील औषध गांजाच्या झाडापासून..." शाळेतली मुलगी वाचते तसं, स्पष्ट. यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हं. आता ओळ जुळली."

मी तिथेच सांगितलं. सही माझी, ओळ मी गाळली, यांचा काही दोष नाही. डॉक्टरीणबाईंनी माझी वही मिटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काकू, हे मला समितीला कळवावं लागेल. तुमची वही अभ्यासातून काढून टाकतील. आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत पुढचं औषध देता येणार नाही." चौऱ्याऐंशी दिवसांची वही, शाई. एक दिवस चुकवला नव्हता.

घरी आल्यावर खुर्चीत बसले, बादलीत पाय सोडले. मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तू वाचलंस तेव्हाच. चारनंतर सहा. मध्ये तुझा श्वास एका ओळीएवढा लांबला. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? दुसऱ्या दिवशी तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा सिस्टरला विचारलं, पाचवा मुद्दा काय आहे. तिने सांगितला."

"मग सही का केलीत?"

"पाय जळत होते," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू वाचला नाहीस, म्हणजे मी ऐकला नाही. तुझी चूक. माझं नाव कोरं राहिलं. सोय झाली."

बारा आठवडे, शाई. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. एकाच बाटलीचं बूच दोघं दोन बाजूंनी दाबून बसलो होतो. मला हसू यायला लागलं आणि मग ते हसू राहिलं नाही.

तशीच मी बोलले. उभ्यानेच. एकदा बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. म्हटलं, "अजून एक ओळ गाळली आहे. नऊ वर्षांपूर्वीची. ती तुम्हाला ऐकू आली नाही." आणि सांगितलं. पुडी कुणासाठी होती. दूध कुणी तापवलं. दोन रात्री आई का झोपल्या. दारात मी "नाही" का म्हटलं. अकरा दिवस त्या माझ्याकडे काय मागत होत्या.

बादलीतलं पाणी हललं नाही इतके स्थिर बसले. एकच विचारलं, "अकरा?"

"अकरा."

त्या दिवसापासून घरात हाक बंद. "कुठे आहेस?" नाही की काही नाही. मी मुद्दाम भांडी वाजवायची, इथे आहे हे कळावं म्हणून. दोन वर्षं ज्या हाकेने जीव मेटाकुटीला आला होता, ती थांबली तर घराच्या भिंती आणखी आत सरकल्यासारख्या झाल्या. सकाळी मी वही नसताना सवयीने विचारायची, "आज किती?" ते आकडा सांगायचे. पाच. सहा. साडेसात. मी कुठे लिहीत नव्हते, तरी पाठ होत होते.

आठ तारखेला फोन वाजला. यांच्याच हाताशी, यांनीच उचलला. पलीकडून सिस्टर बोलत होत्या, मला अर्धं ऐकू येत होतं. समितीने परवानगी दिली होती. रुग्णाने पुन्हा सगळं ऐकून होकार द्यायचा, एवढीच अट. उद्याच या म्हणाल्या.

हे म्हणाले, "बारा तारखेला येतो."

सिस्टर म्हणाल्या, "अहो काका, चार दिवस कशाला सोसता?"

"आहे थोडं काम," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, तत्त्व आडवं आलं. गांजा म्हटल्यावर आता नाहीच घेणार. मी विनवण्या केल्या, पाय धरले असते, पण पायांना हातही लावता येत नव्हता. काल दुपारी त्यांनी चादर दातांत धरली होती. मी कानांवर हात ठेवले आणि लगेच काढले. मला ते दृश्य माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी उशी होती एवढंच.

आज सकाळी आठला, थेंबांच्या वेळेला, त्यांनी हाक मारली. "कुठे आहेस?"

"इथेच."

"आज अकरा ना?"

तेव्हा मला कळलं, ते काय मोजत होते. त्यांच्या आईचे अकरा दिवस.

म्हणाले, "आज किती ते विचारलं नाहीस."

"किती?"

"नऊ." आणि मग, "तिने कसं काढलं असेल गं? माझ्या तर नुसत्या पायांत आहे."

मी उठून बादलीत ताजं पाणी भरलं. रिक्षावाल्याला उद्या सकाळी सातला यायला सांगितलंय. समाजसेविका बाई पुन्हा पहिल्यापासून वाचणार आहेत, नऊच्या नऊ पानं, आणि हे बसून ऐकणार आहेत.

हे पत्र दुपारी लिहायला बसले. स्वयंपाकघरात नाही. पुढच्या खोलीत, त्यांच्या समोर. संपत आलं तेव्हा ते म्हणाले, "शाईला ना?"

नऊ वर्षांनी त्यांच्या तोंडून हे नाव आलं. एरवी तुझा विषय निघालाच तर "ती".

"तुम्हाला कसं कळलं?"

"पेन ऐकू येतं. जानेवारीपासून ऐकतोय. तू हिशेब लिहितेस तेव्हा थांबून थांबून वाजतं. हे सलग वाजतं." मग हात पुढे केला. "लाल पेन आहे का घरात?"

होतं. टोक वाळलं होतं, जिभेवर ओलं करून दिलं. कागद त्यांच्या मांडीवर पाटावर ठेवला. काय लिहू म्हणून विचारतील, मला सांगतील, असं वाटलं होतं. काही सांगितलं नाही. बोटांनी कागदाची कड चाचपली, शेवटची ओळ कुठे संपते ते मला विचारलं, मी त्यांचं बोट तिथे नेऊन ठेवलं. त्यांनी तिच्याखाली खूण केली. एक पाय लांब गेलाय, पण ओळखू येईल. कावळाच आहे.

पुढचं लिहितील म्हणून मी थांबले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"काय भरायचं इथे?" मी विचारलं.

"मला अजून सुचलं नाही," म्हणाले. "पण काहीतरी गळलंय एवढं तिला कळू दे."

म्हणून त्या खुणेपुढे जागा तशीच ठेवली आहे. मी त्यात काही लिहिलेलं नाही.